हाताने चालणारी एसएफटीपी स्क्रिप्ट शेड्यूलरवर का अडते: वारंवार येणाऱ्या बिघाडाचे निवारण

एसएफटीपीने, म्हणजे एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून, दोन प्रणालींमध्ये फाइली पाठवणाऱ्या स्वयंचलित स्क्रिप्टबद्दलची सर्वांत नेहमीची तक्रार अशी असते, की टर्मिनलवर हाताने चालवली तर स्क्रिप्ट बिनतक्रार काम करते, पण तीच स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनने (लिनक्सवर) किंवा टास्क शेड्यूलरने (विंडोजवर) रात्री चालवली की फाइल पोहोचत नाही. सकाळी कोणीतरी ती पुन्हा हाताने चालवतो, फाइल जाते, तक्रार बंद होते आणि काही दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. यावर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून स्क्रिप्टमध्ये रिट्राय, म्हणजे फसल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न, घातला जातो. कारण शोधण्याआधी घातलेला रिट्राय बिघाड दुरुस्त करत नाही, तो फक्त नजरेआड करतो, आणि लॉगिनमध्येच अडचण असेल तर प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक समोरचा सर्व्हर आपल्याकडे अधिक संशयाने पाहू लागतो. म्हणून रिट्रायचा विचार शेवटी करावा. आधी स्क्रिप्ट नेमकी कोणत्या पायरीवर पडते, हे तिने स्वतःच सांगावे अशी व्यवस्था करावी लागते.

आधी एक्झिट कोड विश्वासार्ह करा

एक्झिट कोड म्हणजे प्रोग्रॅम संपताना परत देतो तो आकडा: शून्य म्हणजे यश, इतर काहीही म्हणजे अपयश. पुष्कळ स्क्रिप्टांमध्ये एसएफटीपीच्या आज्ञा हिअर-डॉक्युमेंट पद्धतीने, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहून थेट प्रोग्रॅमच्या इनपुटवर पाठवलेल्या असतात. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरचा एसएफटीपी प्रोग्रॅम अशा वेळी समोर माणूस बसला आहे असेच धरून चालतो: 'पुट' (फाइल पाठवण्याची आज्ञा) फसले तर तो संदेश छापतो, पुढच्या आज्ञेकडे वळतो आणि शेवटी शून्य हा यशाचा कोड देऊन बाहेर पडतो. शेड्यूलरला सगळे व्यवस्थित दिसते, पुढच्या ओळीतली 'पाठवलेली फाइल अर्काइव्हमध्ये हलवा' ही आज्ञाही पार पडते आणि न पोहोचलेली फाइल पोहोचलेल्या फाइलींमध्ये जाऊन बसते. याचा उपाय म्हणजे आज्ञा वेगळ्या बॅच फाइलमध्ये लिहून ती बी या पर्यायाने देणे. मग कोणतीही महत्त्वाची आज्ञा फसताच प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि शून्येतर कोड परत करतो. जी आज्ञा फसली तरी चालणार असते, उदाहरणार्थ आधीपासून असलेला फोल्डर पुन्हा तयार करणे, तिच्याआधी वजाचे चिन्ह लिहिले की तेवढ्यापुरती सूट मिळते.

दुसरी गळती पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याला देणाऱ्या जोडणीत, असते. आउटपुट लॉगमध्येही जावे आणि पडद्यावरही दिसावे म्हणून आज्ञेपुढे 'टी' प्रोग्रॅम जोडला, तर शेल (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) त्या ओळीचा एक्झिट कोड म्हणून 'टी'चाच कोड देतो, आणि तो जवळजवळ नेहमी शून्य असतो. बॅश या शेलमध्ये 'पाइपफेल' चालू केले की मूळ प्रोग्रॅमचे अपयश दडत नाही. एसएसएच २५५ हा कोड देतो तेव्हा बिघाड जोडणीत किंवा लॉगिनमध्ये आहे असे बहुधा समजावे. आरसिंक हे फाइली पाठवणारे दुसरे साधन वापरत असाल तर २३ म्हणजे काही फाइली गेल्या नाहीत, २४ म्हणजे पाठवता पाठवता मूळ फाइलच नाहीशी झाली आणि ३० म्हणजे वेळमर्यादा संपली. हे तिन्ही कोड 'एरर' या एकाच शब्दात गुंडाळून ईमेल पाठवणारी स्क्रिप्ट आपल्या हातातला सर्वांत उपयोगी पुरावा फेकून देत असते.

यानंतर व्हर्बोज, म्हणजे सविस्तर नोंद करणारा, पर्याय चालू करावा. 'व्ही' हे अक्षर एकदा दिले तर थोडा आणि तीनदा दिले तर पुरेपूर तपशील मिळतो. तो रोजच्या लॉगमध्ये न मिसळता वेगळ्या फाइलमध्ये साठवावा आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला तारीख, टाइमझोन, चालवणारा युजर आणि त्या क्षणाचे सर्व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला भोवतालची परिस्थिती सांगणारी मूल्ये) नोंदवावेत. त्यात पासवर्ड किंवा टोकन असतील तर ते आधी वगळावेत. बिघाड कधीकधीच येत असेल, तर ही नोंद तो येण्यापूर्वीच चालू असायला हवी, कारण नंतर हाताने चालवून मिळवलेला लॉग यशस्वी जोडणीचा असतो आणि त्यातून बिघाडाबद्दल काहीच कळत नाही.

लॉग कुठे तुटतो ते पाहा

एसएफटीपीची प्रत्येक जोडणी चार टप्प्यांतून जाते: आधी नेटवर्कवरची टीसीपी जोडणी, मग सर्व्हरची ओळख त्याच्या किल्लीवरून (होस्ट-कीवरून) पटवणे, मग आपली ओळख पासवर्डने किंवा खासगी-सार्वजनिक किल्ल्यांच्या जोडीने पटवणे आणि शेवटी प्रत्यक्ष फाइलींचे काम. व्हर्बोज लॉगमध्ये 'कनेक्शन एस्टॅब्लिश्ड' ही ओळच नसेल तर किल्ल्या तपासत बसण्यात अर्थ नाही. तिथे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा), फायरवॉल किंवा आपला बाहेर जाणारा आयपी पत्ता पाहायला हवा. या ठिकाणी एक साधी गफलत पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे एसएफटीपी आणि एफटीपीएस यांची अदलाबदल. एसएफटीपी एसएसएचवर चालते आणि तिला सहसा फक्त पोर्ट २२ पुरतो, तर एफटीपीएस म्हणजे टीएलएस या एन्क्रिप्शनने झाकलेली जुनी एफटीपी, जिला २१ किंवा ९९० या पोर्टाशिवाय डेटासाठी आणखी पोर्ट उघडे लागतात. फायरवॉलची मागणी करताना हे नेमके लिहिले नाही, तर लॉगिन होते पण फोल्डरची यादी मागताच सगळे थिजते, असा एफटीपीएसचा विशिष्ट अनुभव येतो.

'ऑथेंटिकेटेड' ही ओळ लॉगमध्ये असूनही काम फसले असेल, तर किल्ली, पासवर्ड आणि नोन_होस्ट्स (ओळखीच्या सर्व्हरांच्या होस्ट-की साठवणारी फाइल) या तिन्ही गोष्टी निर्दोष ठरतात. एवढी एक गोष्ट नीट पाहिली तरी निम्मी धडपड वाचते.

शेड्यूलरचे जग वेगळे असते

हाताने चालते आणि शेड्यूलरवर चालत नाही, या लक्षणामागे बहुतेक वेळा स्क्रिप्टमधील चूक नसते. ती चालते त्या परिस्थितीत फरक असतो. क्रॉन आपल्या लॉगिन शेलच्या फाइली वाचत नाही. त्याचा पाथ (प्रोग्रॅम शोधण्याच्या फोल्डरांची यादी) बहुतेक प्रणालींवर /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच असतो आणि तो बॅशऐवजी एसएच हे साधे शेल वापरतो. त्यामुळे वेगळ्या ठिकाणी बसवलेले प्रोग्रॅम त्याला सापडत नाहीत आणि बॅशपुरते असलेले व्याकरण त्याला कळत नाही. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचे चिन्ह नव्या ओळीसारखे वाचले जाते, म्हणून फाइलच्या नावात तारीख घालण्यासाठी तिथेच लिहिलेली डेट आज्ञा मध्येच तुटते. तारखेचे काम स्क्रिप्टच्या आत ठेवणे हा यावरचा सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे.

पण खरा गुन्हेगार बहुतेक वेळा एसएसएच एजंट असतो. खासगी किल्लीला पासफ्रेज (ती उघडणारा परवलीचा शब्द) आहे, सकाळी लॉगिन करताना तो एकदा दिला, एजंटने किल्ली मेमरीत धरली आणि दिवसभर सगळे सुरळीत चालले. क्रॉनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एजंटच्या सॉकेटचा पत्ताच नसतो, म्हणून तिथे पासफ्रेज विचारला जातो आणि उत्तर द्यायला कोणी नसते. स्वयंचलित कामासाठी वेगळी किल्ली तयार करावी, ती वाचण्याचा अधिकार केवळ ते काम चालवणाऱ्या सर्व्हिस युजरला द्यावा आणि तिला पासफ्रेज नसेल, तर समोरच्या सर्व्हरवर ऑथराइज्ड_कीज या मान्य किल्ल्यांच्या फाइलमधील तिच्या ओळीत 'फ्रॉम' आणि 'रिस्ट्रिक्ट' हे पर्याय घालून ती ठरावीक पत्त्यांपुरती मर्यादित करावी आणि फॉरवर्डिंग, टर्मिनल अशा जादा सोयी तिला बंद कराव्यात. आपल्या रोजच्या वैयक्तिक किल्लीवर रात्रीचे काम चालवणे मला मुळातच अयोग्य वाटते, कारण त्या व्यक्तीचे खाते बंद झाले की कामही बंद पडते आणि त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

खरी परीक्षा घ्यायची असेल तर सुडोने (दुसऱ्या युजरच्या नावाने काम चालवणाऱ्या आज्ञेने) त्याच सर्व्हिस युजरची भूमिका घ्या आणि 'एन्व्ह' आज्ञेला आय हा पर्याय देऊन पूर्ण रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये स्क्रिप्ट चालवा. इथे एक बारकावा आहे: ओपनएसएसएच आपला होम फोल्डर 'होम' या व्हेरिएबलवरून ठरवत नाही, तो सिस्टिमच्या युजर-नोंदीतून घेतो. म्हणून व्हेरिएबल बदलले तरी किल्ली आणि नोन_होस्ट्स जुन्याच ठिकाणाहून वाचले जातात. एसएसएचला मोठ्या लिपीतला जी हा पर्याय दिला, तर तो जोडणी न करता त्या होस्टसाठी लागू होणारी सर्व सेटिंग्ज छापून दाखवतो. दोन्ही युजरांसाठी ही यादी काढून शेजारी शेजारी ठेवली, की दोघांच्या कॉन्फिग फाइलींमधला फरक लगेच समोर येतो.

विंडोजवर चित्र थोडे वेगळे, पण मूळ मुद्दा तोच. टास्क शेड्यूलरमध्ये 'युजर लॉगिन असो वा नसो, चालवा' असे ठरवले की लॉगिनच्या वेळी जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह त्या सत्रात नसतात, त्यामुळे झेड ड्राइव्हवरील फाइल सापडत नाही. तिथे पूर्ण यूएनसी पाथ, म्हणजे सर्व्हरच्या नावापासूनचा नेटवर्क पत्ता, लिहावा. पुटी या एसएसएच क्लायंटची साधने सर्व्हरची होस्ट-की रजिस्ट्रीत प्रत्येक युजरसाठी स्वतंत्र साठवतात, म्हणून तुम्ही तुमच्या खात्यातून दिलेली संमती सर्व्हिस खात्याच्या कामाची नसते. विनएससीपी या दुसऱ्या क्लायंटच्या स्क्रिप्टमध्ये होस्ट-कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) थेट लिहिता येतो. तोच मार्ग धरावा.

होस्ट-की बदलली असे मधूनच का दिसते

बॅच मोडमध्ये अनोळखी सर्व्हर समोर आला की क्लायंट प्रश्न न विचारता थांबतो, आणि ते योग्यच आहे. या अडचणीवर जागोजागी सुचवला जाणारा उपाय म्हणजे 'स्ट्रिक्टहोस्टकीचेकिंग'ला 'नो' करणे. तो वापरू नका. फाइल एन्क्रिप्ट होऊन जाईल हे खरे, पण ती कोणाकडे जाते आहे याची खात्री राहणार नाही, आणि मग सुरक्षित हस्तांतरण या शब्दांना काही अर्थ उरत नाही. २०१७ च्या ओपनएसएसएच ७.६ आवृत्तीपासून 'ॲक्सेप्ट-न्यू' हा पर्याय उपलब्ध आहे. तो पहिल्यांदा दिसलेली किल्ली स्वीकारतो, पण बदललेली नाकारतो. त्याहूनही चांगले म्हणजे समोरच्या प्रशासकाकडून फिंगरप्रिंट वेगळ्या मार्गाने मिळवून ती ओळ आपल्या हाताने नोन_होस्ट्समध्ये टाकणे. पोर्ट २२ नसेल तर त्या ओळीत होस्टचे नाव चौकटी कंसात आणि पुढे विसर्गचिन्हाने पोर्ट अशा स्वरूपात लिहावे लागते. हे चुकले की नोंद असूनही ती जुळत नाही.

एके दिवशी काम होते, दुसऱ्या दिवशी 'होस्ट-की बदलली' असा इशारा येतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काम होते, असा प्रकार असेल तर लोड बॅलन्सरचा संशय घ्यावा. एकाच नावामागे दोन सर्व्हर आहेत आणि दोघांच्या होस्ट-की वेगळ्या आहेत, असे त्याचे सरळ कारण असते. नोंद कोणती ठेवली आहे आणि जोडणी कोणाकडे गेली, यावर त्या रात्रीचे यश ठरते. हा बिघाड आपल्या बाजूने स्क्रिप्ट बदलून खऱ्या अर्थाने सुटत नाही. समोरच्यांनी दोन्ही सर्व्हरवर एकच होस्ट-की बसवावी, आणि ते होईपर्यंत दोन्ही किल्ल्या पडताळून एकाच नावापुढे दोन ओळींत नोंदवाव्यात. नोन_होस्ट्समध्ये तशी मुभा आहे.

किल्ली बरोबर असूनही नकार

'परमिशन डिनाइड' आणि पुढे कंसात 'पब्लिककी' असे आले, तर आधी परवानग्या पाहाव्यात. आपल्याकडील खासगी किल्ली ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) असावी. समोर डॉट-एसएसएच फोल्डर ७०० (फक्त मालकाला खुला), ऑथराइज्ड_कीज ६०० आणि, ज्याचा विसर पडतो ते, होम फोल्डर गटाला किंवा इतरांना लिहिता येईल असा नसावा. परवानग्या तपासणारे 'स्ट्रिक्टमोड्स' चालू असताना सर्व्हर अशा खात्याची किल्ली वाचायलाच नकार देतो. याचे कारण तो फक्त स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो, क्लायंटला काहीच सांगत नाही. कोणीतरी होम फोल्डर सामायिक करण्यासाठी ७७५ (गटालाही लिहिता येईल असा) केला आणि दुसऱ्याच कोणाचे हस्तांतरण बंद पडले, असे म्हणूनच घडते. समोर विंडोजवरील ओपनएसएसएच असेल आणि खाते ॲडमिनिस्ट्रेटर गटातले असेल, तर त्याच्या होम फोल्डरमधील ऑथराइज्ड_कीज मूळ सेटिंगमध्ये वाचलीच जात नाही. त्याऐवजी प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधील एसएसएचच्या आत 'ॲडमिनिस्ट्रेटर्स_ऑथराइज्ड_कीज' ही फाइल पाहिली जाते.

'टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स' हा संदेश वेगळा. एजंटमध्ये पुष्कळ किल्ल्या असतील तर क्लायंट त्या एकामागून एक पुढे करतो आणि सर्व्हरची मर्यादा, जी मूळ सेटिंगमध्ये ६ असते, योग्य किल्लीची पाळी येण्याआधीच संपते. 'आयडेंटिटीजओन्ली'ला 'येस' करून किल्लीचा मार्ग स्पष्ट दिला की हा प्रश्न मिटतो.

कोणीही काही बदलले नसताना, फक्त सिस्टिम अपडेटनंतर लॉगिन थांबले असेल, तर आवृत्त्यांकडे पाहा. २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ पासून एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीवर आधारित आरएसए (किल्लीचा एक प्रकार) सह्या मूळ सेटिंगमध्ये बंद आहेत. आरएसए किल्ली बाद झालेली नाही. तीच किल्ली एसएचए-२ ने सही करून चालते, पण दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरला ती पद्धत यायला हवी. जुनी बाजू अपडेट करणे किंवा ईडी२५५१९ प्रकारची किल्ली घेणे हा कायमचा मार्ग. जुनी पद्धत पुन्हा चालू करायचीच असेल तर ती त्या एकाच होस्टपुरती करावी, संपूर्ण मशीनसाठी नव्हे. तसेच २०१८ च्या ७.८ पासून एसएसएच-कीजेन हे किल्ल्या तयार करणारे साधन नवी खासगी किल्ली पेम या जुन्या स्वरूपात न लिहिता स्वतःच्या स्वरूपात लिहिते. जुन्या जावा लायब्ररीला ती वाचता येत नाही आणि ती 'किल्ली अवैध आहे' एवढेच सांगते. किल्ली अवैध नसते, तिचे स्वरूप अपरिचित असते.

१४६६२६४६७५ हा आकडा

लॉगिन झाले, पण लगेच 'रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग' आणि पुढे असा एखादा अवाढव्य आकडा आला, तर तो आकडा उलगडून पाहण्यासारखा असतो. एसएफटीपीमध्ये प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्या संदेशाची लांबी सांगतात. वरचा आकडा सोळाच्या पायावर लिहिला तर ५७, ६५, ६सी, ६३ असे चार बाइट मिळतात, आणि अक्षरांच्या तक्त्यात ते डब्ल्यू, ई, एल, सी आहेत, म्हणजेच 'वेलकम' या शब्दाची पहिली चार अक्षरे! समोरच्या खात्याच्या बॅशआरसी या, शेल सुरू होताना चालणाऱ्या, फाइलमध्ये कोणीतरी स्वागताची ओळ छापली आहे आणि आपला क्लायंट तिलाच लांबी समजून दीड अब्जाच्या आसपास बाइटांच्या संदेशाची तयारी करू पाहतो. ती ओळ फक्त प्रत्यक्ष टर्मिनलवरच छापली जाईल अशी अट घालावी, किंवा सर्व्हरवर एसएफटीपीसाठी 'इंटर्नल-एसएफटीपी' वापरावे, म्हणजे युजरचे शेल मध्ये येतच नाही.

मध्येच तुटणे, अर्धी फाइल आणि इतर

जोडणीच्या सुरुवातीला, किल्ल्यांच्या देवाणघेवाणीच्या उत्तराची वाट पाहताना लॉग थिजत असेल, तर मार्गातील एमटीयूचा (एका पॅकेटच्या कमाल आकाराचा) दोष असू शकतो: लहान पॅकेट जातात, मोठी वाटेत गळतात. व्हीपीएन बदलल्यानंतर हे हमखास दिसते, आणि इंटरफेसचा एमटीयू तात्पुरता कमी करून त्याची खात्री करता येते. जोडणी बराच वेळ शांत राहिल्यावर तुटत असेल तर 'सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल' (जोडणी जिवंत ठेवणाऱ्या संदेशांमधील अंतर) ३० किंवा ६० सेकंद ठेवावे, कारण त्याची मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद असते. ठीक तासाच्या ठोक्यालाच जोडणी नाकारली जात असेल, तर समोर त्याच क्षणी अनेकांची कामे सुरू होत असावीत. 'मॅक्सस्टार्टअप्स'ची मूळ मर्यादा अशी आहे, की लॉगिन न झालेल्या १० जोडण्यांनंतर नव्या जोडण्या ३० टक्के शक्यतेने नाकारायला सुरुवात होते आणि १०० ला सगळ्याच नाकारल्या जातात. आपले काम सात-आठ मिनिटांनी सरकवणे हा इथला उपाय.

फाइल पोहोचते पण समोरचा प्रोग्रॅम ती अर्धीच वाचतो, ही तक्रार हस्तांतरणाची नसून नावाची आहे. आधी तात्पुरत्या नावाने पाठवावे आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये नाव बदलावे. वाचणाऱ्याने तात्पुरती नावे वगळावीत. त्या नावाची फाइल आधीच असेल तर काही सर्व्हर नाव बदलू देत नाहीत आणि फक्त 'फेल्युअर' म्हणतात. हाच मोघम शब्द डिस्क किंवा कोटा भरल्यावरही येतो, म्हणून तो दिसला की जागा आणि जुनी फाइल या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. चरूट केलेल्या, म्हणजे एकाच फोल्डरात बंदिस्त केलेल्या, खात्यात चरूटचा फोल्डर आणि त्यावरील प्रत्येक फोल्डर रूट या मुख्य प्रशासकाच्या मालकीचा असून इतर कोणालाही त्यात लिहिता येत नाही, हे अपेक्षितच आहे; फाइली ठेवण्यासाठी आत वेगळा फोल्डर लागतो. मोठ्या फाइलमुळे आधीचे काम संपण्याआधी पुढचे सुरू होत असेल तर एफलॉक या कुलूप लावणाऱ्या आज्ञेने एका वेळी एकच प्रत चालू द्यावी. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत असेल तर तिच्या ओळींच्या शेवटी जादा चिन्ह आहे, ते काढावे.

आता रिट्राय. तो नेटवर्क तुटणे आणि वेळमर्यादा संपणे यांपुरताच ठेवावा, दोन प्रयत्नांतील अंतर वाढवत न्यावे आणि लॉगिन नाकारले गेल्यास लगेच थांबावे. २०२४ च्या ओपनएसएसएच ९.८ पासून लॉगिनमध्ये वारंवार फसणाऱ्या पत्त्यांना सर्व्हर स्वतःहून काही काळ दूर ठेवतो, आणि फेल-टू-बॅनसारखी साधने ते आधीपासून करत आली आहेत. अशा वेळी आपला रिट्रायच आपल्याला बाहेर काढतो.

एवढे करूनही कारण समोरच्या बाजूला आहे असे दिसले, तर त्यांच्या प्रशासकाला 'फाइल जात नाही' असे न कळवता बिघाडाची सेकंदासह वेळ आणि टाइमझोन, आपला बाहेर दिसणारा आयपी पत्ता, खात्याचे नाव, सार्वजनिक किल्लीचा एसएचए२५६ फिंगरप्रिंट आणि लॉग ज्या ओळीवर तुटतो ती ओळ कळवावी. एवढ्यावरून त्यांना त्यांच्या लॉगमधील नेमकी नोंद सापडते. खासगी किल्ली मात्र कोणी मागितली तरी पाठवू नये. निदानासाठी तिची गरज कधीच नसते.